घरी बांधलेला रेडिओ: सात मेगाहर्ट्झची गोष्ट आणि बिघाड शोधण्याची रीत



हौशी रेडिओचा विषय निघाला की मंडळीत हमखास एक प्रश्न येतो, "आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, मग हा खटाटोप कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. खाप्यात किंवा सावनेरात बसून विचारला तर उत्तर देणे अवघडच जाते. पण हाच प्रश्न भामरागडला भर पावसाळ्यात विचारून पाहा. पर्लकोटा नदीला पूर आला, पुलावरून पाणी गेले, की तालुक्याचे गाव जगापासून तुटते. वीज जाते. टॉवरची बॅटरी काही तास चालते आणि मग टॉवरही मुका होतो. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या आतल्या पाड्यांवर तर पूर नसतानाही डोंगराआड सिग्नल मिळत नाही. बाळंतीण अडली आहे, साप चावला आहे, नाला ओलांडता येत नाही, अशा वेळी हाताशी फोन असूनही उपयोग नसतो. फोनला मधला टॉवर लागतो. रेडिओला मधले कोणी लागत नाही. या टोकाला एक संच, त्या टोकाला एक संच आणि वर आकाश, एवढेच पुरते.

हौशी रेडिओ, ज्याला जगभर 'हॅम' म्हणतात, तो याच कारणाने टिकून आहे. १९९३च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळी आपले संच घेऊन लातूर भागात पोहोचली होती. २००४च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांच्या पुढाकाराने एक हॅम तुकडी अंदमानात पोर्ट ब्लेअरला हौसेखातर गेलेली होती. २६ तारखेला त्सुनामी आली, आणि हौसेखातर उभारलेले तेच केंद्र बेटावरून बाहेर निरोप पोहोचवण्याचे साधन झाले.

पण या लेखाचा विषय आपत्ती नाही. विषय आहे तो संच. तो विकत घेतला तर बराच महाग पडतो आणि बिघडला की दुरुस्तीला कुठे पाठवायचा हा प्रश्न उरतोच. जंगलातल्या गावात तर दुरुस्ती न होणारे यंत्र म्हणजे भिंतीवरची शोभा. म्हणून मला नेहमी वाटते की रेडिओ बांधता येणे ही अर्धी विद्या आहे, आणि बिघडलेला रेडिओ बोलता करता येणे ही उरलेली अर्धी. दुसरी अर्धी अधिक मोलाची.

प्रथम थोडे जुने. आपल्या राज्यात घरी बांधलेल्या रेडिओचा सर्वांत प्रसिद्ध दाखला १९४२चा आहे. 'चले जाव'ची हाक दिल्यावर पुढारी तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर बंधने आली, आणि मुंबईत काही तरुणांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. २७ ऑगस्ट १९४२ला त्याचे प्रसारण सुरू झाले. आवाज होता उषा मेहता यांचा. तेव्हा त्या अवघ्या २२ वर्षांच्या होत्या. यंत्र बांधण्याच्या कामात नरिमन प्रिंटर हे हौशी रेडिओतले जाणकार होते. दुसरे महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी लोकांना आपली प्रक्षेपणाची यंत्रे जमा करायला लावली होती, त्यामुळे सुटे भाग मिळवणे हेच मोठे काम होते. जागा पुन्हा पुन्हा बदलत हे केंद्र १२ नोव्हेंबरपर्यंत चालले आणि मग पोलिसांनी ते पकडले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

या केंद्राची लहर होती ४२.३४ मीटर. ३०० ला मीटरने भागले की मेगाहर्ट्झ मिळतात. ३०० भागिले ४२.३४ म्हणजे जवळजवळ ७.०९ मेगाहर्ट्झ. आजही आपल्या देशात हौशी लोकांना ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा दिलेला आहे. त्याला ते 'चाळीस मीटर' म्हणतात. म्हणजे काँग्रेस रेडिओ याच पट्ट्यात बोलत होता. हा भाग घरगुती यंत्राला सोयीचा आहे हे तेव्हाही ठाऊक होते. आता तो आपल्या कामाला का सोयीचा, ते पाहू.

सात मेगाहर्ट्झची लहर सरळ वर आकाशात सोडली तर दिवसा ती दोन-अडीचशे किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरावरून परत खाली येते, कारंज्याचे पाणी वर जाऊन चारी बाजूंना पडावे तशी. ती डोंगरावर आपटत नाही, डोंगराच्या वरून येते. खाप्याहून धारणी सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर, भामरागड पावणेतीनशेच्या आसपास. दोन्ही ठिकाणे या कारंज्याच्या आवाक्यात येतात. पोलिसांच्या किंवा वनखात्याच्या हातातल्या वॉकीटॉकीची लहर मात्र सरळ जाते, डोंगर आडवा आला की थांबते. म्हणून त्यांना टेकडीवर रिपीटर लागतो.

एक मर्यादा आधीच सांगतो. रात्री तो वरचा थर विरळ होतो. मग सात मेगाहर्ट्झवर जवळचे केंद्र ऐकू येईनासे होते आणि परदेशातली केंद्रे दणदणीत येऊ लागतात. रात्री जवळ बोलायचे तर याच्या निम्म्या, साडेतीन मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जावे लागते. चोवीस तास हमखास चालणारा फोन म्हणून कोणी याकडे पाहू नये.

आता संच. भारतातल्या घरगुती रेडिओचा विषय हैदराबादच्या अशर फरहान यांच्या नावाशिवाय पुरा होत नाही. त्यांचे हॅम नाव व्हीयू-२ ईएसई. २००४च्या सुमारास त्यांनी 'बिट-एक्स' नावाचा आराखडा सर्वांना खुला केला. १४ मेगाहर्ट्झचा, सहा वॅटचा, बोलणारा आणि ऐकणारा संच. सुट्या भागांचा खर्च त्या काळी काही शे रुपये. अट एकच, की भाग साध्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळावेत. परदेशी पुस्तकातले गोल चुंबकीय गाभे इथे मिळत नाहीत ना, मग त्यांनी कॉइल गुंडाळायला नळाच्या तोटीतले वॉशर वापरले! हार्डवेअरच्या दुकानातला वॉशर. मला विचाराल तर सगळ्या आराखड्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. जे नाही त्यासाठी अडून बसायचे नाही, पण जे आहे ते का चालेल हे समजून घ्यायचे. पुढे सात मेगाहर्ट्झचा 'बिट-एक्स ४०' निघाला, तेव्हा त्याचे बोर्ड जोडण्याचे काम महिलांच्या एका गटाकडून होत असे. ज्यांनी कधी रेडिओ उघडून पाहिला नाही अशा हातांना हे काम जमते, याचा हा पुरावा.

आपले खापा एके काळी कोष्ट्यांच्या हातमागासाठी ओळखले जायचे. बारीक तार मोजून, वेटोळ्यावर वेटोळे न चढू देता गुंडाळणे हे विणकराच्या घरात वाढलेल्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही.

या संचाचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्याशिवाय बिघाड सापडत नाही. एरियलवर एकाच वेळी शेकडो केंद्रे आदळत असतात. त्यातून आपल्याला हवे ते एकच, तेही तीनेक किलोहर्ट्झ रुंदीचे, निवडायचे असते. इतकी बारीक चाळणी सात मेगाहर्ट्झवर जागा बदलत फिरवणे कठीण. म्हणून युक्ती अशी की चाळणी एकाच जागी पक्की बसवायची आणि हवे ते केंद्र तिच्यापाशी आणायचे. 'बिट-एक्स ४०'मध्ये ही चाळणी १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलांची असते. हे क्रिस्टल कॉम्प्युटरच्या जुन्या बोर्डांवर आढळतात. संचात एक छोटा दोलक ४.९ मेगाहर्ट्झची लहर तयार करतो. ती येणाऱ्या ७.१च्या लहरीत मिसळली की बेरीज होते १२, आणि तेवढेच केंद्र चाळणीतून पार होते. दोलकाची लहर थोडी हलवली की दुसरे केंद्र चाळणीसमोर येते. चाळणीपलीकडे १२ मेगाहर्ट्झचा दुसरा दोलक असतो. तो मिसळला की उरतो माणसाचा आवाज. तो वाढवून स्पीकरला द्यायचा.

बोलताना हाच प्रवास उलटा. माइकचा आवाज १२ मेगाहर्ट्झमध्ये मिसळतो, चाळणीतून जातो, ४.९शी मिसळून ७.१ होतो, मग वाढत वाढत शेवटच्या आयआरएफ-५१० या ट्रान्झिस्टरपर्यंत पोहोचतो आणि एरियलवर जातो. 'बिट-एक्स'ची खुबी ही की जाता-येता पूल एकच आहे. तीच चाळणी, तेच दोलक, तेच मिसळणारे भाग; फक्त मधल्या ॲम्प्लिफायरमध्ये दोन ट्रान्झिस्टर पाठीला पाठ लावून बसवलेले, आणि ज्याला वीज मिळेल तो काम करतो. यामुळे खर्च निम्मा होतो. आणि दुरुस्ती करणाऱ्याला फुकटात एक निदान मिळते: संच नीट ऐकतो आहे पण बोलत नाही, तर चाळणी आणि दोलक तपासण्यात वेळ घालवू नका. ते ठीक आहेत, नाही तर ऐकू आलेच नसते. दोष माइकच्या बाजूला, शेवटच्या ॲम्प्लिफायरमध्ये किंवा बदल करणाऱ्या रिलेत आहे.

ताकद पाच-सात वॅट, म्हणजे घरातल्या छोट्या एलईडी दिव्याएवढी. लोकांना हे खरे वाटत नाही. पण सगळी ताकद तीन किलोहर्ट्झच्या अरुंद पट्टीत जाते आणि आकाशातून येताना मध्ये डोंगर नाही, म्हणून २०० किलोमीटर तिला दिवसा जड नाही. वीज लागते १२ व्होल्ट. ऐकताना दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास, बोलताना अँपिअरभर. इन्व्हर्टरच्या दुकानात मिळणारी ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी आणि घराच्या छपरावर एक लहान सोलर पॅनेल, एवढ्यावर तो दिवस काढतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नवा बांधलेला संच पहिल्या फटक्यात चालू झाला तर ते नशीब समजावे. बहुतेक वेळा तो मुका असतो. अशा वेळी नवशिका काय करतो? एक ट्रान्झिस्टर काढतो, दुसरा लावतो, तोही काढतो. दोन तासांनी बोर्डवरचे तांबे उखडते आणि एका दोषाचे पाच होतात. म्हणून पहिला नियम, सोल्डरची गन गरम करण्याआधी डोळे वापरा. चांगल्या उजेडात, भिंगाखाली, एकेक टाका पाहा. चांगला टाका चकचकीत आणि कडांना पसरलेला दिसतो. ड्राय टाका मातकट आणि थेंबासारखा उभा. माझ्या अनुभवात अर्ध्याहून अधिक दोष इथेच सापडतात. उरलेल्यांत पहिला नंबर वाइंडिंग वायरचा. तांब्याच्या त्या तारेवर इनॅमलचा थर असतो. टोके ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने नीट खरवडली नाहीत तर वरून सोल्डर छान बसते, आत मात्र संपर्कच नसतो. मल्टिमीटर कॉइलच्या दोन टोकांना नव्हे, तर बोर्डवर त्या जिथे जोडल्या आहेत तिथल्या तांब्याला लावून पाहा, खरे तिथे कळते.

दुसरे, पहिल्यांदा वीज देताना बॅटरी आणि संच यांच्या मध्ये मोटारसायकलचा १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडा. संचात कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लखकन पेटतो आणि सगळा भार स्वतः घेतो, भाग जळत नाहीत. बल्ब मंद राहिला किंवा पेटलाच नाही तर पुढे जा. दहा-वीस रुपयांच्या बल्बने वाचवलेले ट्रान्झिस्टर मोजत बसलो तर यादी लांबेल.

मग मल्टिमीटर. ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमध्ये सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट हवेत. शून्य असतील तर त्याला वीजच पोहोचत नाही किंवा तो शॉर्ट आहे. दोन-तीन व्होल्ट दिसले तर आतून तुटला आहे. एवढ्या एका मापाने बोर्डवरच्या सगळ्या ट्रान्झिस्टरांची हजेरी पंधरा मिनिटांत होते. ही हजेरी संच चालू असतानाही एकदा घेऊन कागदावर लिहून ठेवावी आणि तो कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवावा. दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या हातात संच गेला तर त्याला तुलनेला काहीतरी मिळते. आपल्याकडे नेमका हाच कागद नसतो.

व्होल्ट सगळे बरोबर, तरी स्पीकर गप्प? मग स्पीकरपासून मागे मागे चालत यायचे. शेवटचा ऑडिओ ॲम्प्लिफायर बहुधा एलएम-३८६ हा चिप असतो. व्हॉल्यूमच्या मधल्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याच्या दांड्याला बोट लावा. स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज आला तर तिथून पुढचे सगळे ठीक, दोष मागे आहे. असे एकेक टप्पा मागे सरकत गेलो की जिथे आवाज थांबतो तिथे चोर सापडतो. मात्र यात एक गंमत आहे, जी शहरातल्या पुस्तकांत लिहिलेली नसते. हा घूं आवाज येतो तो घराच्या भिंतींमधल्या विजेच्या तारांमुळे. आपले शरीर त्या विजेचे एरियल होते. ज्या पाड्यावर वीजच नाही, तिथे बोट लावले तर घूं येत नाही, फक्त टक् असा क्षीण आवाज येतो. तिथे पोरे चांगला ॲम्प्लिफायर बिघडला समजून उखडून टाकतात. तिथे टक् वरच समाधान मानावे.

दोलक चालू आहेत की नाही हे कसे कळणार? महागडे यंत्र नको. घरातला जुना शॉर्टवेव्ह ट्रान्झिस्टर घ्या, ज्याच्यावर आपले वडील बीबीसी ऐकत असत. तो संचाजवळ ठेवून काटा १२ मेगाहर्ट्झवर न्या. दोलक चालू असेल तर त्या जागी रेडिओची खरखर एकदम शांत होते, जणू कुणी तोंडावर हात ठेवला. दुसरा दोलक ४.९वर शोधा. काटा फिरवताना तो शांतपणा कुठेच आला नाही तर दोलक बंद आहे. ज्या घरात असा रेडिओ धूळ खात पडला आहे, त्यांच्याकडे चांगले चाचणी यंत्र पडले आहे.

जुन्या पद्धतीचा, कॉइल-काँडेन्सरचा दोलक असेल तर विदर्भाच्या उन्हाळ्यात तो हमखास सरकतो. पत्र्याच्या छपराखाली दुपारी ४५ अंशांत कॉइल गरम होते, लहर शंभर-दोनशे हर्ट्झने हलते आणि समोरच्याचा आवाज बदकासारखा येऊ लागतो. बिघाड नाही हा, हवामान आहे. संच माठाजवळ, सावलीत, लाकडी पेटीत ठेवला आणि सुरू करून दहा-पंधरा मिनिटे दम दिला की बरेच सुधारते. आताच्या संचांत दोलकाचे काम एक छोटी डिजिटल चिप करते, त्यामुळे हे दुखणे बहुतेक गेले आहे.

बोलण्याची बाजू तपासायची तर थेट एरियलवर कधीही तपासू नये. नकली भार बनवावा: एक किलोओहमचे, अर्ध्या वॅटचे वीस कार्बन रेझिस्टर शेजारी शेजारी समांतर जोडले की ५० ओहम आणि १० वॅट होतात. तारेचे वेटोळे असलेले सिरॅमिक रेझिस्टर इथे चालत नाहीत, ते स्वतःच कॉइल होऊन बसतात. या भारावर एक १एन-४१४८ डायोड आणि छोटा काँडेन्सर लावून मल्टिमीटरने व्होल्ट मोजा आणि माइकमध्ये लांब शिटी वाजवा. २२ व्होल्टच्या आसपास काटा गेला तर पाच वॅट निघत आहेत: व्होल्टचा वर्ग करून शंभराने भागायचे, झाले. शेवटच्या आयआरएफ-५१०ची पाठ धातूची असते आणि ती आतून थेट विजेला जोडलेली असते. ती हीट सिंकवर बसवताना मध्ये अभ्रकाची चकती हवीच. ती विसरली की बॅटरी सरळ डब्याला जोडली जाते. वरचा बल्ब नेमका अशाच वेळी कामी येतो.

बाकी एरियल. हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. १४३ला मेगाहर्ट्झने भागा; ७.१साठी साधारण २०.१ मीटर. म्हणजे मधून दोन्हीकडे दहा-दहा मीटरची तार. सुरुवातीला हातभर जास्त ठेवून मग छाटत यावे, कारण छाटलेली तार वाढत नाही. पुस्तके एरियल उंच लावायला सांगतात. पण आपल्याला परदेशाशी नव्हे, दोनशे किलोमीटरवर बोलायचे आहे, लहर सरळ वर जायला हवी. तेव्हा दोन कडुनिंबांच्या मध्ये पाच-सहा मीटर उंचीवर तार ताणली तरी पुरे. ५० ओहमची केबल मिळाली तर उत्तम, नाही तर टीव्हीची केबलही चालते. पावसात केबलच्या तोंडातून पाणी शिरते आणि तांबे हिरवे पडते. संच 'कमजोर झाला' म्हणून येतो तेव्हा आधी ते तोंड पाहावे. विजेच्या तारांच्या वरून किंवा खालून एरियल कधीही नेऊ नये. आणि आभाळ गडगडू लागले की केबल संचातून काढून खिडकीबाहेर टाकावी. दरवर्षी विदर्भात वीज पडून माणसे जातात. त्यात रेडिओपायी भर नको.

आणखी एक नवीन दुखणे. संच ठीक, एरियल ठीक, तरी खरखरीपलीकडे काही ऐकू येत नाही. अशा वेळी घरातला स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर आणि सोलरचा कंट्रोलर एकेक करून बंद करून पाहा. यांपैकी एखादा सातत्याने आवाज ओकत असतो. पॅनेलचा कंट्रोलर ऐकण्याच्या वेळेपुरता काढून ठेवणे हा साधा उपाय आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल, असे चार संच बांधून चार गावांना वाटून टाकावे. थांबा. हे करायचे नाही, आणि याचे कारण नीट समजून घ्यायला हवे. प्रक्षेपण करणाऱ्या यंत्राला परवाना लागतो. तो केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची बिनतारी शाखा देते आणि त्यासाठी परीक्षा असते: थोडा रेडिओचा सिद्धान्त, थोडे नियम. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेले कोणीही बसू शकते. नागपूर हे या परीक्षेच्या जुन्या केंद्रांपैकी एक आहे. खालच्या श्रेणीचा परवानाही आपल्या पाच-सात वॅटला भरपूर होतो, आणि त्या श्रेणीला मोर्सची कटकट नाही.

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे आदिवासी तरुणाकडे आधीच संशयाने पाहिले गेले आहे, त्याच्या झोपडीत विनापरवाना बिनतारी यंत्र सापडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. आपल्या चांगल्या हेतूची शिक्षा त्याला भोगावी लागेल. म्हणून क्रम असा: आधी अभ्यास, मग परीक्षा, मग परवाना, मग संच. तोवर फक्त ऐकणारा भाग बांधावा आणि स्थानिक पोलीस ठाण्याला काय चालले आहे ते मोकळेपणाने सांगून ठेवावे.

परवाना मिळाला तरी हौशी रेडिओ हा संस्थेचा खासगी टेलिफोन नव्हे. त्यावर कार्यालयाचा रोजचा कारभार, औषधांची मागणी, पैशांचे व्यवहार, उपदेश किंवा प्रसारण यांतले काहीही करता येत नाही. सांकेतिक भाषाही चालत नाही, बोलणे उघडे हवे. पूर, भूकंप अशा आपत्तीत प्रशासनाच्या मदतीला निरोप पोहोचवणे मात्र या सेवेच्या परंपरेतच आहे. मग उरलेल्या दिवसांत काय करायचे? ठरलेल्या वेळी हॅम मंडळी एकमेकांना हाक देतात, हवामान सांगतात, एरियलवर वाद घालतात. त्या निरर्थक वाटणाऱ्या गप्पांतूनच संच चालू राहतो, कान तयार होतो आणि पुराच्या दिवशी समोर ओळखीचा आवाज असतो. वर्षभर कपाटात ठेवलेला संच गरजेच्या दिवशी चालत नाही, त्याची बॅटरी तरी मेलेली असते किंवा रिलेत मुंग्यांनी घर केलेले असते.

काही वाचक जुने सामान देऊ करतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. चालू किंवा बंद शॉर्टवेव्ह रेडिओ, कॉम्प्युटरचे जुने बोर्ड, टीव्हीच्या जुन्या छतावरच्या एरियलमधले दोन भोकांचे फेराइट, वाइंडिंग वायर, १२ व्होल्टचे रिले, चांगल्या स्थितीतली मल्टिमीटरे, हे सगळे शिकणाऱ्या मुलांच्या कामाचे आहे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधले पिवळे-पांढरे गोल गाभे दिसायला अगदी हवे तसे असतात, पण सात मेगाहर्ट्झवर ते लहर खाऊन टाकतात. ते भंगारात द्यावेत. जुन्या वॉकीटॉकी किंवा ऑनलाइन मिळणारे हातातले स्वस्त चिनी संच कृपया पाठवू नयेत, त्यांना परवान्याचा प्रश्न आहेच आणि डोंगरात ते उपयोगाचेही नाहीत. नळाच्या वॉशरची गरज नाही. ते खाप्याच्या बाजारात मिळतात.